नवी की जुनी? राजोडीच्या किनारपट्टीतील पहिल्या मोटारीचा इतिहास

वसई तालुक्यातील राजोडी हे गाव नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, कळंबपासून अर्नाळ्यापर्यंत पसरलेल्या किनारपट्टीवर, सुरूच्या बनांनी आणि बागायती वाड्यांनी वेढलेल्या पट्ट्यात वसलेले आहे. या पट्ट्यातील तरुण नोकरीला लागून दोन-चार वर्षे झाली, की आपली पहिली मोटार नवी घ्यावी की जुनी, हा प्रश्न आज घरोघरी चर्चिला जातो. वरवर पाहता तो एका कुटुंबाच्या जमाखर्चाचा प्रश्न आहे. परंतु त्यातील प्रत्येक पर्यायामागे सरकारी धोरणाचा, रेल्वेमार्गाचा, पतपुरवठ्याचा आणि कायद्याचा दीर्घ इतिहास उभा आहे. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात हा निर्णय तरुणाच्या हाती नव्हताच, तो टंचाईने परस्पर घेतलेला असे. आणि जुन्या गाडीतला जो धोका तेव्हा ओळखीपाळखीच्या बळावर टाळला जाई, तो आज कागदपत्रे आणि तपासणी यांच्या साहाय्याने टाळावा लागतो. हा बदल कसा घडला, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या निवडीचे मोल नीट कळत नाही.

या किनारपट्टीत मोटार उशिरा आली, त्याचे पहिले कारण रेल्वे हे होय. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू केली आणि १९३६ मध्ये विजेवरच्या लोकल विरारपर्यंत धावू लागल्या. त्यामुळे वाडीतील भाजीपाला, केळी, खाऊची पाने आणि दादरच्या बाजारात जाणारी फुले बैलगाडीने किंवा टांग्याने स्थानकापर्यंत आणि तेथून लोकलने मुंबईत नेण्याची घडी बसली. मोटारीने मुंबईला जाणे त्या मानाने अडचणीचे होते, कारण वसईच्या खाडीवर रेल्वेचे पूल असले तरी भाईंदर आणि नायगाव यांना थेट जोडणारा रस्त्याचा पूल नव्हता, आणि वाहनाला पूर्वेकडे महामार्गावर जाऊन घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलाचा वळसा घ्यावा लागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये वाहनांसह प्रवासी वाहून नेणारी रो-रो बोटसेवा सुरू झाली, ती याच उणिवेमुळे. रोजच्या नोकरीसाठी लोकल आणि लग्नकार्य, दवाखाना, पाहुणे व पावसाळी अडीअडचणीसाठी मोटार, ही विभागणी या भूगोलातून आली असून मोटारीवर किती पैसा घालावा, याचा विचार येथे आजही तिच्यापासूनच सुरू होतो.

दुसरे कारण देशाच्या औद्योगिक धोरणात होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारजोडणीचा कारखाना काढला होता, आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास परदेशी मोटारींची जोडणी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर तयार मोटारींची आयात बंद झाली आणि १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, म्हणजे आयातकर आणि उद्योगांना द्यावयाचे संरक्षण यांचा विचार करणाऱ्या आयोगाच्या शिफारशीनंतर, सुटे भाग देशातच बनविण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना व्यवसाय आवरावा लागला. जनरल मोटर्सही त्यात गेली. मागे उरल्या त्या मुख्यतः तीनच मोटारी: कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. उत्पादन परवान्याने बांधलेले आणि मागणी त्याहून कितीतरी मोठी, अशा स्थितीत नव्या गाडीसाठी अनामत भरून नंबर लावावा लागे आणि तो लागण्यास वर्षानुवर्षे जात. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या विक्रीकिमतीही आदेशाने ठरवून दिल्या; परंतु किंमत ठरविल्याने गाड्यांची संख्या वाढली नाही, उलट नुकत्याच मिळालेल्या गाडीवर अधिकृत किमतीपेक्षा जास्त पैसे, ज्यांना बाजारात 'ऑन' म्हणत, मोजणारे गिऱ्हाईक सहज मिळू लागले.

अशा व्यवस्थेत पंचविशीतल्या माणसाला नवी मोटार मिळण्याची शक्यता जवळपास नव्हती, कारण नंबर लागेपर्यंत त्याचे तारुण्य ओसरत असे आणि मोटारीसाठी बँकेचे कर्ज मिळणे हे सर्वसामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून त्या पिढीत ज्याने तरुणपणी मोटार घेतली, त्याने ती बहुधा जुनीच घेतली. डॉक्टर, वकील, व्यापारी किंवा कंपनीतील अधिकारी यांनी काही वर्षे वापरलेली फियाट हात बदलत उपनगरात आणि तेथून वसई-विरारकडे सरकत असे. या गाडीचे १०८९ सीसीचे साधे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर आणि हाताने ओढावा लागणारा चोक यांची माहिती कोणत्याही नाक्यावरच्या मेकॅनिकला असे, आणि तिचे जुने सुटे भाग कुर्ल्याच्या किंवा चोरबाजाराच्या दुकानांतून मिळत. हीच गाडी, पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जवळपास सहा दशके टिकली. शहरातील टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने २००३ मध्ये नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून गेली. ज्या वस्तूची दुरुस्ती सर्वांना माहीत असते, ती जुनी घेण्यात भीती कमी असते, आणि फियाटच्या दीर्घ आयुष्याने हा विश्वास दोन पिढ्यांच्या मनात रुजविला. गाडीचा पूर्वेतिहास कळण्याचे साधन मात्र एकच होते, ते म्हणजे माणसांची ओळख: विकणारा कोण, त्याचा चालक कोण आणि गाडी कोणत्या मेकॅनिककडे जात होती, हे ठाऊक असले की सौदा होई.

ही चौकट १९८३ पासून मोडू लागली. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि सुमारे ५० हजार रुपयांची ही छोटी मोटार मध्यमवर्गाच्या स्वप्नाचे माप ठरली. १९९३ मध्ये मोटारउत्पादनावरील परवान्याची अट उठली, १९९८ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून टाटा इंडिका आणि त्याच वर्षी ह्युंदाईची सँट्रो बाजारात आली, आणि बँका मोटारीसाठी आपणहून कर्ज देऊ लागल्या. वसईत पतपुरवठ्याची परंपरा त्याआधीची होती. पापडी येथे १९१८ मध्ये पतसंस्था म्हणून सुरू झालेली बॅसिन कॅथोलिक बँक हे तिचे ठळक उदाहरण आहे. हप्त्याची सोय झाली, तसा नव्या गाडीचा दरवाजा तरुणाला उघडला. त्याचबरोबर दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांची संख्या वाढल्याने चांगल्या स्थितीतील जुन्या गाड्यांचा पुरवठाही प्रथमच मुबलक झाला, आणि मारुतीने २००१ मध्ये ट्रू व्हॅल्यू या नावाने जुन्या गाड्यांचा व्यवसाय स्वतः सुरू केला, तेव्हा ओळखीबाहेरच्या माणसाची गाडी तपासून आणि हमी देऊन विकण्याची पद्धत संघटित रूपात आली. नवी की जुनी, ही खरी निवड या दोन घडामोडींमधून जन्मली.

निवडीबरोबर तिचे गणितही आले. मोटारविम्यात गाडीचे घोषित मूल्य ठरविताना वयानुसार घसारा, म्हणजे वापराने व काळाने होणारी मूल्यघट, धरतात. २००२ च्या मोटार टॅरिफनुसार हा घसारा गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के असा चढत जातो. बाजारातील भाव मागणीप्रमाणे याहून वेगळा निघू शकत असला, तरी मूल्यघटीचा मोठा वाटा पहिला मालक सोसतो, ही गोष्ट या कोष्टकात स्पष्ट दिसते. नोंदणीच्या वेळी भरलेल्या एकरकमी रस्ते कराचा उरलेला लाभही त्याच राज्यात गाडी घेणाऱ्या दुसऱ्या मालकाला मिळतो. याच्या उलट बाजूस, जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सामान्यतः अधिक असतो, दावा न केल्याबद्दल मिळणारी विमाहप्त्यातील सवलत गाडीबरोबर न येता विकणाऱ्याकडेच राहते, आणि १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना पर्यावरण करही भरावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने नव्या आणि जुन्या गाडीच्या किमतींतील अंतर आणखी कमी झाले.

हे गणित सगळीकडे सारखे असले, तरी राजोडीच्या हवेने त्यात स्वतःची एक रकम मिळविली आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहणारी गाडी दाराच्या खालच्या कडेपासून, चाकांवरच्या कमानींतून आणि तळाच्या पत्र्यापासून गंजू लागते, आणि विकण्यापूर्वी असा कुजलेला पत्रा पुट्टी भरून, वर रंग मारून झाकला जातो. म्हणून जाणता मेकॅनिक पत्र्यावरून लोहचुंबक फिरवितो, कारण जाड पुट्टीवर तो चिकटत नाही. पुराचा प्रश्न याहून गंभीर आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबई परिसरात आणि जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरले, आणि अशा प्रत्येक पावसानंतर पाण्यात राहिलेल्या मोटारी धुऊनपुसून बाजारात येण्याचा धोका असतो. सीटखालील रुळांवरचा गंज, गालिच्याखालचा कुबट वास आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर पट्ट्यावर उमटलेली चिखलाची रेघ या खुणा मीटरवरील किलोमीटरपेक्षा अधिक खरे बोलतात. सीएनजीवरील गाडीत किटची नोंद आरसी बुकात, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात, आहे काय आणि सिलिंडरची तीन वर्षांनी करावयाची दाबचाचणी झाली आहे काय, हेही पाहावे लागते.

ओळखीची जागा कागदाने घेण्याची प्रक्रिया कायद्यात हळूहळू पूर्ण झाली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने नोंदणी आणि त्रयस्थ विम्याची, म्हणजे अपघातात इतरांना झालेल्या हानीच्या भरपाईची, बैठक घातली, आणि १९८८ च्या कायद्याच्या कलम ५० ने गाडी विकणाऱ्यावर राज्यांतर्गत विक्रीची खबर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला देण्याचे बंधन घातले. नमुना २९ आणि ३० भरून गाडी नावावर करणे आणि कर्ज असल्यास नमुना ३५ ने बँकेचा बोजा उतरविणे, ही कामे वसई तालुक्यातील लोक पूर्वी ठाण्याच्या कार्यालयात आणि पुढे एमएच-४८ ही स्वतंत्र मालिका मिळाल्यावर विरारला करू लागले. सह्या केलेले कोरे नमुने घेऊन गाडी तशीच वापरण्याची सवय मात्र बराच काळ टिकली. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये, गाडी अनेक हातांतून गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे स्पष्ट केले. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी प्राधिकरणाचे अधिकारपत्र घ्यावयास लावणारे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले.

या साऱ्या इतिहासातून तरुण ग्राहकासाठी एक निकष हाती लागतो. आठवडाभर लोकलने जाणाऱ्या आणि मोटार मोजक्या दिवशी बाहेर काढणाऱ्या राजोडीच्या तरुणाला पूर्वेतिहास ज्ञात असलेली तीन ते पाच वर्षांची गाडी बहुधा अधिक हिताची ठरते, कारण मूल्यघटीचा मोठा वाटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो आणि कर्जाचा बोजाही लहान राहतो. ज्याचे पोटच गाडीवर अवलंबून आहे किंवा जो ती १० वर्षे वापरणार आहे, त्याला नवीच घेण्यात अर्थ आहे. परंतु जुन्या गाडीचा पूर्वेतिहास समजणे हे आजही ज्याच्या मागे जाणता काका किंवा विश्वासू मेकॅनिक आहे, त्याच्यासाठीच सोपे आहे. विम्याचे दावे, पुराची नुकसानी आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी गाडीच्या नोंदणीशी जोडून प्रत्येक खरेदीदाराला पाहता आल्या, तर पहिल्या पगारातून पैसे साठविणाऱ्या मुलामुलींना कोणाच्या ओळखीची याचना करावी लागणार नाही. टंचाईच्या काळाने जी निवड त्यांच्या आजोबांना नाकारली, ती त्यांना डोळसपणे करता येणे, हे समाजाने त्यांचे देणे मानले पाहिजे.