रासायनिक नावं पाठ करण्याआधी त्यांचा इतिहास वाचा

हिराकस, मोरचूद, नवसागर, तुरटी. ही नावं आपल्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. पण हिराकस म्हटल्यावर त्यात लोह आहे हे कळतं का? मोरचूद म्हटल्यावर तांबं आठवतं का? नाही. अशी नावं फक्त पाठ करता येतात, त्यांच्यावरून पदार्थाची घडण काढता येत नाही.

अठराव्या शतकातल्या युरोपची अवस्था हीच होती. ‘व्हिट्रिऑलचं तेल’ म्हणजे आजचं सल्फ्युरिक आम्ल, त्यात तेल अजिबात नाही. ‘अँटिमनीचं लोणी’ म्हणजे अँटिमनीचं क्लोराइड. कुठे दिसण्यावरून नाव, कुठे माणसावरून, कुठे गावावरून. १७८२ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या गितों द मोर्व्हो यांनी यावर सुधारणा सुचवली. हे गृहस्थ मूळचे वकील. पुढे १७८७ मध्ये त्यांनी लाव्हाझिए, बर्तोले आणि फुर्क्रुआ यांच्यासोबत नामकरणपद्धतीचं पुस्तकच काढलं. तत्त्व एकच : नावाने पदार्थ कशाचा बनला आहे ते सांगावं.

तुम्ही शाळेत घोकलेले प्रत्यय इथूनच येतात. आम्लात ऑक्सिजन जास्त असेल तर ‘इक’, कमी असेल तर ‘अस’. सल्फ्युरिकचे क्षार सल्फेट, सल्फ्युरसचे सल्फाइट. म्हणजे हा पाठांतराचा तक्ता नसून एक छोटं व्याकरण आहे.

आता खरी गंमत बघा. नावाने घडण सांगायची, तर घडणीबद्दलची आपली समजूतही नावात शिरते. ऑक्सिजन या शब्दाचा ग्रीक अर्थच ‘आम्ल निर्माण करणारा’. लाव्हाझिए यांना वाटायचं की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. त्यामुळे शीले यांनी १७७४ मध्ये मिळवलेल्या हिरवट वायूला ‘ऑक्सिम्युरिअ‍ॅटिक आम्ल’ म्हटलं गेलं, म्हणजे त्यात ऑक्सिजन आहे असं गृहीतच धरलं. अनेकांनी शोधूनही तो काही सापडेना. शेवटी १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी हे मूलद्रव्यच आहे असं मांडलं आणि रंगावरून नाव दिलं : क्लोरीन. या नावात कुठलाही सिद्धांत नाही, हे त्यांनी मुद्दामच केलं. ऑक्सिजनचं नाव मात्र चुकीच्या अर्थासकट आजही टिकून आहे.

सूत्रांची गोष्ट याहून अवघड. १८०८ च्या ग्रंथात डाल्टन यांनी अणूंसाठी वर्तुळाकार चिन्हं वापरली. दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर ते एकास एक धरायचं, असा त्यांचा नियम. म्हणून पाणी म्हणजे ‘एच-ओ’! १८१३-१४ च्या सुमारास स्वीडनच्या बर्झेलियस यांनी लॅटिन नावांची अक्षरं आणली. सोडियमला ‘एन-ए’ आणि लोहाला ‘एफ-ई’ का, याचं उत्तर नॅट्रियम आणि फेरम या नावांत आहे. अक्षरं छापायला सोपी, तरी डाल्टन यांना ती कधीच रुचली नाहीत.

पण चिन्हं ठरली म्हणून आकडे ठरत नाहीत. पाण्यात वजनाने हायड्रोजन १ भाग आणि ऑक्सिजन ८ भाग. ऑक्सिजनचं अणुभार ८ धरलं तर सूत्र ‘एच-ओ’, १६ धरलं तर ‘एच-२-ओ’. प्रयोग तोच, सूत्रं दोन. हा गोंधळ इतका वाढला की केकुले यांनी १८६१ मध्ये छापलेल्या पाठ्यपुस्तकात एकट्या अ‍ॅसेटिक आम्लाची १९ सूत्रं दाखवली आहेत.

सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूह इथे याच प्रश्नावर परिषद भरली. तिथे मतदानाने निकाल लागला नाही. पण इटलीच्या कानिझारो यांची अ‍ॅव्होगाड्रोच्या विचारावर आधारलेली पुस्तिका वाटली गेली आणि पुढच्या काही वर्षांत अणुभारांवर एकमत होत गेलं. मेंडेलिव्ह त्या परिषदेला हजर होते, हे लक्षात ठेवा. अणुभार ठरल्याशिवाय आवर्तसारणी उभी राहिली नसती.

‘अस’ आणि ‘इक’ मात्र धातूंच्या बाबतीत अपुरे पडले. क्युप्रसमध्ये तांब्याची संयुजा १, फेरसमध्ये लोहाची २. कमी म्हणजे नक्की किती, हे प्रत्यय सांगत नाही. म्हणून आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये आकडा थेट नावातच लिहायला सुचवलं : आयर्न-टू क्लोराइड, आयर्न-थ्री क्लोराइड.

संशोधनाकडे वळणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं? एक अगदी व्यवहारी गोष्ट. १८६० च्या आधीचा पेपर वाचताना सूत्र दिसलं की लेखकाने कार्बन ६ धरलाय की १२, ऑक्सिजन ८ की १६, हे आधी शोधा. नाहीतर बरोबर प्रयोग तुम्हाला चुकीचा वाटेल. आणि दुसरी : तुमच्या विषयातली एखादी रोजची संज्ञा घ्या आणि विचारा, हे नाव निरीक्षण सांगतंय की गृहीतक? ‘ऑक्सिम्युरिअ‍ॅटिक आम्ल’ म्हणणारे लोक हुशारच होते. नावाने उत्तर आधीच देऊन टाकलं होतं, म्हणून प्रश्न विचारायला २३ वर्षं लागली.