टांकसाळीची चूक आणि बाजारातील लबाडी



मराठी भाषेत नाण्याचा व्यवहार नुसत्या बाजारापुरता राहिलेला नाही. भरवशाच्या माणसाला आपण ‘खणखणीत नाणे’ म्हणतो, शंका आली की वस्तू ‘वाजवून’ घेतो, आणि कोणाच्या नावाला ‘बट्टा’ लागला तर हळहळतो. या बट्ट्यामागे इतिहास आहे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. एक देऊन दुसरा घेताना कस व वजन पाहून जी तूट कापली जाई, तो बट्टा. म्हणूनच नाणी पारखणारा पोतदार हा त्या व्यवहारातला आवश्यक माणूस होता. आजचा आपला विषय या पारखीचेच एक आडवळणाचे अंग आहे. टांकसाळीच्या हातून बिघडलेले नाणे संग्राहक चांगल्या नाण्याहून अधिक मोल देऊन घेतात. असे का व्हावे, आणि ते खरोखर टांकसाळीतच बिघडले हे ओळखावे कसे, एवढ्या दोनच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम, चूक कशाला म्हणावयाचे? शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई पाहा. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. ही नाणी हाताने पाडलेली. खाली एक ठसा, त्यावर धातूचा तुकडा, त्यावर दुसरा ठसा आणि वरून हातोड्याचा घाव. ठसा बहुधा तुकड्याहून मोठा असे. त्यामुळे कधी ‘श्री’ कडेबाहेर जाई, कधी ‘पति’ अर्धाच उमटे. अक्षरांची वळणे तर ठशागणिक निराळी. तरीही अशा शिवराईला कोणी बिघडलेली म्हणत नाही. सर्व नाणी तंतोतंत सारखी असावीत असा दंडकच जेथे नाही, तेथे लहानसहान फरकाला चूक कसे म्हणावे?

हा दंडक यंत्राबरोबर आला. मुंबईची टांकसाळ १८२९ साली बांधून पुरी झाली आणि तेथे वाफेच्या यंत्रांवर नाणी पडू लागली. पुढे १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरला. पत्र्यातून चकत्या कापावयाच्या, त्यांची कड किंचित उचलावयाची, मग चकती पोलादी कड्यात धरून दोन ठशांमध्ये दाबावयाची, असा हा क्रम. आता लाखो नाणी एका वळणाची निघू लागली, आणि म्हणूनच त्यांतले एखादे वेडेवाकडे निघाले तर ते डोळ्यांत भरू लागले.

परंतु वेगळे दिसणारे प्रत्येक नाणे टांकसाळीची चूक नव्हे. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया प्रसिद्ध आहे. त्यावर राजाच्या पोशाखावरील हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना तो डुकरासारखा दिसला. नाराजी पसरली, बरेचसे रुपये वितळविले गेले आणि १९१२ च्या रुपयावर हत्ती सुधारून आला. ही चूक चित्र काढणाऱ्याची. टांकसाळीने दिलेला ठसा इमानाने उमटविला होता. तसेच आजच्या नाण्यांवर सालाखाली दिसणाऱ्या बारीक खुणांचे. हिऱ्याच्या आकाराची खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा आणि काहीच नसेल तर नाणे कोलकात्याचे. या मुद्दाम केलेल्या खुणा आहेत. त्यांना दुर्मीळ चुका म्हणून विकणारे लोक अज्ञानी तरी असतात किंवा लबाड तरी.

खरी चूक नाणे पाडण्याच्या तीन पायऱ्यांपैकी एकीवर होते. पहिली चकतीची. कापणारे यंत्र आधीच कापलेल्या जागेवर थोडे चढले तर चकतीला चंद्रकोरीसारखा खाच पडतो. दुसरी ठशाची. ठशाला तडा गेला की धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते. तिसरी दाबण्याची. चकती नीट बसली नाही तर छाप एका बाजूस सरकतो. पाडलेले नाणे वरच्या ठशालाच चिकटून राहिले तर पुढील चकतीवर एका बाजूस नेहमीचा छाप, आणि दुसऱ्या बाजूस त्याच छापाची खोलगट, उलटी प्रतिमा येते. ही शेवटची चूक हातघडाईतही उघड दिसे. प्राचीन रोमच्या चांदीच्या नाण्यांतही तिचे नमुने सापडतात.

खऱ्या चुकीचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र अमेरिकेतले आहे. दुसऱ्या महायुद्धात तांबे दारूगोळ्यासाठी हवे होते, म्हणून तेथील सरकारने १९४३ साली एक सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे केले. अशी शंभर कोटींहून अधिक नाणी पडली. पण आदल्या वर्षाच्या काही ब्राँझच्या चकत्या यंत्राच्या खणात अडकून राहिल्या होत्या. त्या पोलादी चकत्यांबरोबर ठशाखाली गेल्या. १९४७ साली मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड गावच्या एका शाळकरी मुलाला शाळेच्या भोजनगृहात मोड म्हणून असले नाणे मिळाले. चौकशी केली तेव्हा सरकारी उत्तर आले, की १९४३ साली तांब्याची सेंट पाडलीच नाहीत. त्या मुलाने नाणे जपून ठेवले. २०१९ च्या जानेवारीत ते लिलावात २,०४,००० डॉलरना विकले गेले. टांकसाळीच्या हिशोबात जे घडलेच नव्हते, त्याची साक्ष त्या नाण्याने दिली. बिघडलेल्या नाण्याचे मोल यात आहे. दप्तर आपली चूक नेहमी लिहून ठेवीलच असे नाही. धातू मात्र ती लपवीत नाही.

जेथे मोल आले तेथे लबाडीही येतेच. पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देणारे निघाले. त्यांचे पितळ लोहचुंबकाने उघडे पडते. वजनही बोलते: पोलादी नाणे २.७० ग्रॅमचे, ब्राँझचे ३.११ ग्रॅमचे. मग अधिक हुशार लोकांनी १९४८ च्या अस्सल ब्राँझ नाण्यावरील आठाचा अर्धा भाग कानसून त्याचा तीन केला. येथे लोहचुंबक आणि काटा दोन्ही निरुपयोगी. पण १९४३ च्या ठशावरील तीनाची शेपटी लांब, खाली उतरलेली असते. आठाला कानसून ती आणता येत नाही. एकच कसोटी कधी पुरत नाही, ती अशी.

आपल्याकडील नाण्यांनाही हाच न्याय लावावा. हे नाणे किती दुर्मीळ, हा प्रश्न नंतर. हे टांकसाळीत कोणत्या पायरीवर, कसे घडले असेल, हा प्रश्न आधी. खाच खरा असेल तर त्याच्या बरोबर समोरची कड बहुधा दबलेली, अस्पष्ट असते, कारण कड उचलताना खाचेमुळे तेथे पुरेसा दाबच मिळत नाही. कानशीने केलेल्या खाचेसमोरची कड ठसठशीत राहते. तड्याची रेघ उंच असते. ओरखडा खोल असतो. दोन नाणी व्हाइसमध्ये दाबून केलेली उलटी प्रतिमा लगेच कळते, कारण तिच्याखाली मूळ छाप चिरडलेला दिसतो आणि मागची बाजू चपटी होते. ‘शोले’ चित्रपटातल्यासारखे दोन्हीकडे एकच बाजू असलेले नाणे हाती आले, तर कडेच्या आत भिंगाने सांधा शोधावा. बहुतेक वेळा एक नाणे पोखरून त्यात दुसरे बसविलेले असते.

हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न राहिलेला नाही. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, अशा जाहिरातींना भोळी माणसे बळी पडतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला, की आपण असल्या व्यवहारात नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही. विकत घेणाराच आधी पैसे मागतो, तेव्हा ते नाणे न वाजविताही खोटे समजावे.

म्हणून एवढेच सांगावेसे वाटते. विचित्र नाणे हाती आले तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका. घासल्याने पुरावा जातो. ते कोठे, केव्हा मिळाले ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. सराफाच्या काट्यावर वजन करा, त्याच सालाचे चांगले नाणे शेजारी ठेवून भिंगाखाली पाहा. पेशवाईतला पोतदार आज राहिला नाही. त्याचे काम आता ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.