माठ, खापरी नळ आणि काचेच्या पेटीतला मासा

शनिशिंगणापुरात देवाला छप्पर नाही. साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची ती काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊन, वारा, पाऊस झेलत उभी आहे. पानसनाल्याच्या पुरात ती वाहत आली, अशी कथा गाव सांगते. घरांना दारे नसण्याची ख्याती तर दूरदूर पोहोचलेली आहे. नेवासे तालुक्यातल्या या गावात, किंबहुना साऱ्या नगर जिल्ह्यात, आणखी एक काळी वस्तू अशीच उघड्यावर तापत असते आणि तिची दखल कोणी घेत नाही. ती म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की दुपारी तिच्या नळाखाली हात धरवत नाही. ज्याच्या घरी मत्स्यपेटी आहे, त्याला माशांचे पाणी बदलायचे असते ते याच नळाने.

पेटीत घालायचे नवे पाणी किती गार वा किती कोमट असावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. त्याचे छापील उत्तर मात्र लंडन-पॅरिसच्या हवेत घडले आहे आणि नगरच्या उन्हाळ्यात ते उलटे पडते. ते कसे, हे समजण्यासाठी आधी माशाचे शरीर आणि मग माशांच्या पेटीचा इतिहास पाहावा लागतो.

माणसाच्या देहाचे तापमान बाहेर काहीही असले तरी जवळपास स्थिर राहते. बहुतेक माशांना ही सोय नाही. भोवतालच्या पाण्याचे तापमान तेच त्यांच्या देहाचे. पाणी तापले की माशाच्या शरीरातल्या रासायनिक क्रियांना वेग येतो आणि त्याला अधिक प्राणवायू लागतो. नेमक्या त्याच वेळी पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती घटते. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६, तर ३५ अंशांना जेमतेम ६.९. मागणी वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. शिवाय माशांच्या विष्ठेतून पाण्यात उतरणाऱ्या अमोनियाचा विषारी अंशही तापमानाबरोबर वाढतो आणि दख्खनच्या अल्कधर्मी, जड पाण्यात तो मुळातच जास्त असतो.

आता साधा हिशोब करावा. पेटीत २७ अंशांचे ६० लिटर पाणी आहे. त्यातले २० लिटर काढून गच्चीवरचे ३८ अंशांचे २० लिटर ओतले, तर मिश्रण ३०.७ अंशांवर जाते. काही क्षणांत माशाच्या सबंध देहाला पावणेचार अंशांचा ताप चढतो. जानेवारीच्या पहाटे त्याच टाकीतले १७ अंशांचे पाणी ओतले, तर उलट सव्वातीन अंशांची घसरण होते. हंड्यातल्या पाण्याने सावकाश स्नान करणाऱ्या माणसाला यातले काहीच जाणवणार नाही. माशाला मात्र अंग झटकून दूर होण्याची सोय नसते.

पाणी बदलण्याची चर्चा युरोपच्या पुष्कळ आधी चीनमध्ये झाली. तिथे सोनमासे मातीच्या व चिनीमातीच्या कुंडांत पाळले जात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९६ मध्ये, चांग छ्यान-दे याने लाल माशांवर लिहिलेल्या छोट्या ग्रंथात पाणी बदलल्यानंतर तळाशी साचणारा मळ बांबूच्या नळीने शोषून काढण्याची रीत दिलेली आहे. आजच्या मत्स्यपेटीवाल्यांची रबरी नळी त्याच कुळातली.

युरोपात पेटी जन्मली ती अभ्यासासाठी. सिसिलीतल्या मेसिना येथे जान व्हिलप्र-पॉवर या विदुषीने १८३२ मध्ये आर्गोनॉट या सागरी जिवाच्या निरीक्षणासाठी काचेची पेटी बनवली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला: सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगायी कुजका भाग खातात आणि पाणी टिकते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढल्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि घरोघरी काचेच्या पेट्यांचे खूळ शिरले.

या पिढीचा विश्वास होता की ‘समतोल’ साधलेल्या पेटीत पाणी बदलावेच लागत नाही. साहजिकच बदलत्या पाण्याच्या तापमानाचा प्रश्न त्यांना फारसा पडला नाही. त्यांची अडचण वेगळी होती. खिडकीतली पेटी उन्हाने तापे आणि थंड समुद्रातले जीव मरत. या अडचणीवर सर्वांत शहाणे उत्तर शोधले ते विल्यम आल्फर्ड लॉइड याने. १८६४ मध्ये हॅम्बुर्गला आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला त्याने मत्स्यालये उभारली. तिथे प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांहून कितीतरी मोठा पाणीसाठा त्याने जमिनीखाली, अंधारात, गारव्यात ठेवला आणि पाणी त्या दोहोंत अखंड फिरते ठेवले. त्यात नवे पाणी असे काही उरत नव्हते, म्हणून धक्काही बसत नव्हता. गॉसचे नाव सर्वांना ठाऊक असते आणि लॉइडचे नसते, हा मत्स्यपालनाच्या इतिहासातला एक अन्यायच म्हणावा लागेल.

उष्ण प्रदेशातले मासे युरोपच्या घरांत आले तेव्हा चित्र पालटले. १८६९ मध्ये चीनमधला ‘पॅरडाइज’ मासा पॅरिसला पोहोचला आणि पिएर कार्बोनिए याने तो तिथे वाढवला. त्याच्या मागोमाग उष्ण कटिबंधातले नाना मासे आले. त्यांना हिवाळ्यात उबेची गरज होती. काचेचा तळ तडकेल म्हणून पेटीला दगडी पाटीचा वा धातूचा तळ बसवून खाली दिवा लावण्याची पद्धत पडली. विजेचे हीटर नंतर आले. अशा उबदार पेटीत नळाचे बर्फगार पाणी ओतणे म्हणजे संकट. म्हणून नियम रूढ झाला की नव्या पाण्यात थोडे गरम पाणी मिसळा आणि मगच ते घाला. इंग्रजी पुस्तकांतून तो जगभर गेला आणि जिथे नळच गरम पाणी देतो तिथेही मुकाट्याने पाळला जाऊ लागला.

दख्खनमध्ये प्रश्न उफराटा आहे. येथे वर्षातले चार महिने पाणी गार कसे राखावे हीच चिंता, आणि ती काचेच्या पेटीहून कितीतरी जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात माशांच्या जाती, त्यांना चारा घालणे आणि गळाने धरणे यांवर एक प्रकरण आहे. पण ते मासे जलाशयातले. खोल जलाशय दुपारभरात तापत नाही. वरचा थर कोमट झाला तर मासा खाली जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा काचेच्या पेटीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावते आणि खाली जायला जागा नसते.

नगर शहराची गोष्ट तर या विषयाच्या अगदी जवळची. मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ हे शहर वसवले आणि निजामशाहीने त्याला पाणी आणले ते आसपासच्या कापूरवाडी, वडगाव अशा गावांकडून, जमिनीखालून, खापरी नळांनी. १५८३ च्या सुमारास पूर्ण झालेला फराहबक्ष महाल तलावाच्या मधोमध उभारला गेला, तोही त्याच पाण्याच्या जोरावर. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर-ए-अंबरी नेली. त्याच शहरातल्या पाणचक्कीत हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. उन्हाळ्यातही त्या दालनात शिरताच गारवा अंगाला भिडतो.

खापरी नळ जमिनीखाली घालण्याची कारणे अनेक होती: बाष्पीभवन टळते, पाण्यात घाण पडत नाही, शत्रूच्या सहज नजरेस येत नाही. माशांचा विचार त्यात कोणी केलेला नव्हता आणि पूर्वजांना सारे ठाऊक होते असा डांगोरा पिटण्याचे येथे कारण नाही. पाऱ्याचा तापमापकच मुळी अठराव्या शतकातला. पण परिणाम खरा आहे. जमिनीत काही मीटर खाली गेले की दिवसरात्रीचा फरक पुसला जातो, उन्हाळा-हिवाळ्याचाही बराचसा विरतो आणि माती त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ स्थिरावते. दख्खनच्या पठारावर म्हणूनच आडाचे, बारवेचे पाणी साधारणपणे २५ ते २८ अंशांच्या घरात राहते. उष्ण कटिबंधातल्या माशांसाठी पुस्तके सांगतात तो पल्लाही २४ ते २८ अंशांचा. लॉइडने जे लंडनमध्ये तळघर खोदून मिळवले आणि पॅरिसकरांनी पेटीखाली दिवा लावून, ते नेवाशाच्या विहिरीत आयते होते. सोनमासा तेवढा या हिशोबात बसत नाही. तो मूळचा समशीतोष्ण हवेतला, विशीच्या आसपास सुखी राहणारा. दुकानात सर्वांत आधी विकला जातो तो तोच आणि मे महिन्यात सर्वांत आधी धापा टाकू लागतो तोही तोच.

भारतात पाणी बदलण्याची खरी शाळा दिवाणखान्यात भरलीच नाही. ती भरली आगगाडीच्या डब्यात. रोहू, कटला, मृगळ हे मुख्यत्वे उत्तरेतल्या मोठ्या नद्यांचे मासे. त्यांची पिले बंगालच्या नद्यांतून गोळा करून मातीच्या हंड्यांत भरत आणि रेल्वेने दूरदूरच्या प्रांतांत नेत. सोबतचा माणूस हंडी हलवत राही, म्हणजे पाण्यात हवा मिसळे. वाटेत थोडे पाणी काढून थोडे नवे घाली. हंडी फुटण्याचा धोका मोठा होता, तरी मातीचे भांडे धरून ठेवले गेले, कारण त्याच्या छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर वाळते आणि आतले गार राहते. माठाचे शास्त्र तेच. कोरड्या हवेत माठ अधिक गार होतो, म्हणून नगरच्या मे महिन्यात तो जे करतो ते मुंबईच्या दमट मे महिन्यात त्याला जमत नाही.

१९५१ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या समुद्रकिनाऱ्यावर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि काचेमागचे मासे पाहायला गावोगावच्या सहली जाऊ लागल्या. मराठी घरांत मत्स्यपेटीची हौस शिरण्यात त्या सहलींचा वाटा असणारच. गावात मात्र मासा आला तो हौसेने नव्हे, हिवतापाच्या भीतीने. दक्षिण अमेरिकेकडचा गप्पी मासा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत भारतात आणला गेला. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याने तो हौद, डबकी, विहिरी यांत सोडला आणि ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा भिंतीभिंतीवर रंगली. थंडी-ऊन सोसण्याची त्याची ताकद मोठी, म्हणून सिमेंटच्या उघड्या हौदातही तो तग धरतो. तरीही एका बादलीतून दुसऱ्या हौदात एकदम ओतलेले गप्पी उलटे तरंगताना अनेक गावांनी पाहिले आहेत.

गच्चीवरच्या टाकीचे पाणी पेटीत घालण्याची रीत या साऱ्यातून आपोआप हाती येते. पाणी आदल्या संध्याकाळी काढून माठात वा रुंद तोंडाच्या भांड्यात, सावलीत ठेवावे. त्यातले क्लोरीनही बरेचसे उडून जाते. एका वेळी तिसरा हिस्सा बदलण्याऐवजी पाचवा बदलावा. वरच्याच हिशोबात ६० लिटरांपैकी १२ लिटर बदलले, तर ३८ अंशांचे पाणी घालूनही पेटी २९.२ अंशांवर थांबते. माठातले पाणी फार गार झालेले असू शकते, म्हणून तापमापक दोन्हीकडे बुडवून पाहावा. हाताला कोमट लागणे हे माशाच्या दृष्टीने काहीच प्रमाण नव्हे.

१९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन साधले. पुढे नदीवर विसंबण्याची गरज ओसरली आणि हंडीची जागा प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीने घेतली. आज नगर जिल्ह्यात शेततळ्यावर मत्स्यबीज येते ते अशा पिशव्यांत. जाणता मत्स्यशेतकरी त्या भर दुपारी उघडत नाही. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर बंद पिशव्या पंधरा-वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर नुसत्या तरंगत ठेवतो. मग तोंड सोडून तळ्याचे पाणी ओंजळीओंजळीने आत घेतो आणि पिशवी आडवी धरतो. बोटुकल्या काही क्षण तोंडाशी घोटाळतात, मग एकेक करून बाहेर पडतात.