खोडलेले ऋण आणि टिकलेली पत

‘पत’ हा शब्द अवघ्या दोन अक्षरांचा. परंतु व्यापाराची सारी इमारत या दोन अक्षरांवर उभी असते. आता तर पत आकड्यांत मोजली जाते. २००० साली स्थापन झालेली ‘सिबिल’ ही संस्था आणि २००५ च्या कायद्याखाली चालणाऱ्या तिच्यासारख्या इतर संस्था, कर्जदाराच्या परतफेडीचा इतिहास नोंदवून त्याला ३०० ते ९०० या दरम्यान गुण देतात. त्यामुळे पुष्कळांच्या मनात एक प्रश्न येतो. थकलेल्या कर्जाची नोंद दप्तरातून निघाली, तर गेलेली पत परत येते काय? प्रश्न नवा वाटतो. परंतु आपल्या सुरतेच्या पेठेला तो जुनाच आहे.

सतराव्या शतकात तापीकाठच्या या बंदरात जगाचा माल उतरत असे, आणि त्या मालामागे सराफांची हुंडी धावत असे. हुंडी म्हणजे पैसे देण्याविषयीची चिठ्ठी. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी मिळत ती मुदती. कागद तोच, पण लिहिणाऱ्याच्या नावाप्रमाणे त्याची किंमत बदले. भरवशाच्या पेढीची हुंडी सहज खपे, डळमळीत पेढीची कोणी हाती धरीत नसे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पैसे चुकते झालेल्या हुंडीला ‘खोखा’ म्हणत, आणि हा खोखा फेडीचा पुरावा म्हणून जपून ठेवीत. ऋण संपले तरी त्याची आठवण पुसावयाची नाही, कारण फेडलेल्या ऋणाची आठवण हेच सराफाचे खरे भांडवल.

याची कसोटी १६६४ च्या जानेवारीत लागली. शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा ज्या धनिकांची घरे लुटली गेली त्यांत वीरजी व्होरा हा प्रमुख होता. इंग्रजांच्या वखारीलाही कर्ज देणारा हा सावकार. त्याची तिजोरी गेली, घर गेले. तथापि लुटीनंतरच्या इंग्रजी पत्रव्यवहारातच नमूद आहे की, वीरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग हे दोघेही ताठ मानेने उभे असून मोठमोठे सौदे करावयास सिद्ध आहेत. द्रव्य लुटता येते. पेठेच्या स्मरणातील नाव लुटता येत नाही.

याच्या उलट उदाहरण पुणे जिल्ह्यातले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी मुक्तहस्ते कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच शेतसारा वाढला. अखेर १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी उठले, आणि हे लोण पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. त्यांचा रोख गुजराती व मारवाडी सावकारांच्या जिवावर नव्हता, दप्तरावर होता. कर्जरोखे आणि खातेवह्या हिसकावून त्यांची होळी करण्यात आली.

त्या शेतकऱ्यांची कैफियत खोटी नव्हती. न वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा कोणत्या कागदावर उठत होता हे सावकारच जाणे. म्हणूनच १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. परंतु वह्या जळाल्या म्हणून शेतकऱ्याला नवे कर्ज सुलभ झाले नाही. सावकारांनी हात आखडला; पुष्कळ ठिकाणी गहाणाऐवजी जमिनीचे सरळ खरेदीखत मागितले जाऊ लागले. जुने ऋण पुसले, पण विश्वास ठेवण्यास आधार असे काही त्याच्या जागी लिहिले गेले नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांचा मार्ग उघडावा लागला.

बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथात दर सातव्या वर्षी ऋणमोचन करण्याची आज्ञा आहे. आणि लगेच इशारा आहे की, सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरजवंताला उसने देण्यास कचरू नका. ऋण माफ होणार असे दिसताच देणारा हात मागे सरतो, हे त्या स्मृतिकारालाही ठाऊक होते.

आता आजच्या प्रश्नाकडे वळू. नोंद चुकीची असेल, म्हणजे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढले असेल, तर ती काढून घेणे हा आपला हक्कच आहे. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ साली केला. नोंद गेली की गुणांची मांडणी तिच्यावाचून होते, आणि बहुधा गुण वाढतात. किती वाढतील हे मात्र उरलेल्या नोंदींवर अवलंबून. इतर हप्ते थकलेले असतील तर लाभ अल्पच. खरी थकबाकी भरल्याने पुसली जात नाही; ती फेडल्याची नोंद होते, आणि हा इतिहास किमान सात वर्षे जपला जातो. थोडी रक्कम देऊन तडजोडीने मिटवलेले कर्ज ‘सेटल्ड’ म्हणून दिसते, पूर्ण फेडलेले ‘क्लोज्ड’ म्हणून. आणि बँका या दोहोंत भेद करतात. शिवाय नोंद निघाली म्हणून देणे फिटत नाही, हेही विसरू नये.

म्हणून पैसे घेऊन ‘खराब नोंद पुसून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागण्यापूर्वी सुपे आठवावे. असत्य नोंद अवश्य खोडावी. सत्य नोंदीपुढे मात्र फेडीच्या नव्या नोंदी एकेक करून लिहाव्या लागतात. सुरतेचे सराफ खोखे जपून ठेवीत, ते याचसाठी.