अकराला पाच मिनिटं कमी असताना

आमच्या लहानपणी घरातला रेडिओ अब्बांच्या ताब्यात असे. बातम्या लागल्या की सगळ्यांनी गप्प बसायचं, गाणी लागली की बोलायला मोकळीक. बातमी महत्त्वाची आणि गाणं फावल्या वेळेचं, हे आम्ही तेव्हाच शिकलो. पोर्तुगालच्या हुकूमशहांचाही समज फारसा वेगळा नसावा. राजकीय गाण्यांवर ते बंदी घालत. प्रेमगीताची त्यांना कसली भीती?

२४ एप्रिल १९७४. लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावर रात्री अकराला पाच मिनिटं कमी असताना पाउलो द कार्व्हालो यांचं असंच एक प्रेमगीत लागलं, निरोपानंतरच्या एकटेपणाचं. त्याच महिन्यात युरोव्हिजन स्पर्धेत या गाण्याला अवघे ३ गुण मिळाले होते आणि आणखी तीन देशांच्या जोडीने ते तळाला राहिलं होतं. अशा पडेल गाण्यावर सेन्सॉर कशाला संशय घेईल? बंडाच्या तयारीतले लष्करी अधिकारी मात्र रेडिओला कान लावून बसले होते. गाणं लागलं, म्हणजे तयार राहा.

पण त्या केंद्राचा आवाज लिस्बनच्या परिसरातच पोचे. म्हणून दुसरी खूण ठरली ती रेडिओ रेनासेन्सावर. हे केंद्र चर्चचं, देशभर ऐकू जाणारं. जुझे आफोन्सो या गायकाचं एक गाणं आधी निवडलं होतं. ते तिथल्या मनाईच्या यादीत निघालं. मग त्यांचंच १९७१ सालचं ‘ग्रांदुला, व्हिला मोरेना’ घेतलं. त्यात वाद्य एकही नाही. खडीवर पडणाऱ्या पावलांचा ठेका, आणि एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं, आपल्या भजनासारखंच. ग्रांदुला हे दक्षिणेतलं कष्टकऱ्यांचं गाव. तिथल्या बंधुभावाचं हे गाणं. महिन्याभरापूर्वीच, २९ मार्चला, लिस्बनच्या एका मोठ्या सभागृहात श्रोत्यांनी ते एकसुरात म्हटलं होतं.

मध्यरात्रीनंतर बारा वीसला ते वाजलं आणि छावण्यांतून गाड्या निघाल्या. संध्याकाळपर्यंत पंतप्रधान मार्सेलो काएतानो शरण आले. ४८ वर्षांची हुकूमशाही एका दिवसात कोसळली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोवली. त्याच दिवशी राजकीय पोलिसांच्या गोळीबारात चार माणसं गेली; फुलांच्या छायाचित्रांत ती दिसत नाहीत.

मी कविता लिहितो. गाण्याने राज्य उलथवलं, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण ते खरं नाही. १९६१पासून अंगोला, पुढे गिनी-बिसाऊ आणि मोझांबिक इथल्या वसाहतींच्या युद्धांत तरुण अधिकारी पिचून गेले होते. बंड उठलं ते त्यातून. गाण्यांनी फक्त वेळ सांगितली. मात्र रस्त्यावर आलेल्या लोकांना त्यातलं दुसरं गाणं आधीपासून पाठ होतं, हे काही थोडंथोडकं नव्हे.

या रात्रीचा आपल्याशीही संबंध आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, तरी लिस्बनच्या जुन्या राजवटीने ते कधी मानलं नाही. राजवट गेली, आणि ३१ डिसेंबर १९७४ला दिल्लीतल्या करारात पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

आफोन्सो १९८७मध्ये वारले. फेब्रुवारी २०१३मध्ये सरकारी काटकसरीने गांजलेल्या काही जणांनी लिस्बनच्या संसदेत, प्रेक्षकांच्या सज्जातून ‘ग्रांदुला’ म्हणायला सुरुवात केली. पंतप्रधानांना भाषण मध्येच थांबवावं लागलं.