पंचाचे छिद्र आणि कोरे तिकीट

आजोबांच्या शके १८९९ च्या पंचांगात एसटीचे एक जुने तिकीट सापडले. पातळ, पिवळट कागद. त्यावर रक्कम, अनुक्रमांक आणि कडेला पंचाचे एक गोल छिद्र. शके १८९९ म्हणजे इसवी सन १९७७-७८. पंचांग घरात पुढे कितीही वर्षे पडून राहते, त्यामुळे तिकीटही त्याच वर्षाचे असेल असे ठामपणे म्हणता येत नाही. पण त्यावरचा अंक न् अंक आजही वाचता येतो.

माझ्या वहीत राहू ते चौफुला या प्रवासाचे दोन वर्षांपूर्वीचे तिकीट आहे. ते आता कोरे आहे.

आजचा धागा या दोन कागदांमधल्या काळाविषयी, म्हणजेच एसटी वाहकाच्या हातातल्या छोट्या संगणकाविषयी.

बाहेरच्यांसाठी थोडा भूगोल. भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या मधल्या पट्ट्याला आमच्याकडे ‘राहू बेट’ म्हणतात. हे खरे बेट नव्हे. पण पुणे-दौंड लोहमार्गावरचे यवत किंवा केडगाव गाठायचे तर नदी ओलांडावीच लागते. अशा गावांचा जगाशी असलेला संबंध एसटीच्या तिकिटात नोंदला गेला आहे, आणि म्हणूनच हे तिकीट इतिहासाचे साधन ठरते.

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. लक्ष्मण केवटे हे तिचे वाहक. त्यानंतर कित्येक दशके वाहकाची ओळख म्हणजे तिकिटांचा ट्रे, पंच आणि चामडी पिशवी. ट्रेमध्ये वेगवेगळ्या रकमांच्या छापील तिकिटांचे गठ्ठे असत. भाडे टप्प्यांवर ठरे आणि नेमक्या रकमेचे तिकीट नसले की दोन-तीन तिकिटे जोडून बेरीज साधली जाई.

या पद्धतीला ‘अडाणी’ समजण्याची चूक करू नये. वाहकाकडे ‘वेबिल’ असे. त्यात ठरावीक टप्प्यावर प्रत्येक गठ्ठ्याचा चालू क्रमांक लिहावा लागे. दोन नोंदींतील क्रमांकांची वजाबाकी केली की मधल्या अंतरात कोणत्या रकमेची किती तिकिटे विकली गेली ते कळे. तपासनीस मध्येच गाडीत चढला, तर प्रवाशांच्या हातांतली तिकिटे आणि वेबिल ताडून पाही. हिशेबाची सारी व्यवस्था कागद, पेन्सिल आणि पाठांतरावर उभी होती. धावत्या, खच्चून भरलेल्या गाडीत ती चालवणाऱ्यांचे मला आजही नवल वाटते.

ब्रिटनमध्ये १९८४ साली ‘सायन ऑर्गनायझर’ हा हातात मावणारा संगणक विक्रीला आला (मुंबईच्या सायनशी त्याचा संबंध नाही!). अशी यंत्रे पुढे जगभर गोदामांत, दुकानांत आणि वाहनांत पोहोचली. एसटीत इलेक्ट्रॉनिक तिकीट यंत्रे आली ती या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस. कळफलक, छोटा पडदा, पोटात कागदाची गुंडाळी. वाहक कोठून-कोठे ते दाबे. भाडे यंत्र काढे. पाळी संपल्यावर आगारात यंत्रातली माहिती उतरवून घेतली जाई. प्रवासाची दोन्ही टोके, तारीख आणि वेळ आता प्रत्येक तिकिटावर छापून येऊ लागली.

पुढे ही यंत्रे जुनी होऊन बिघडू लागली, तेव्हा अनेक आगारांत कपाटातले ट्रे पुन्हा बाहेर काढावे लागले. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण पायऱ्यांसारखा शिकतो. प्रत्यक्षात जुनी पायरी बरीच वर्षे पायाखालीच असते.

२०२२ पासून अँड्रॉइडवर चालणारी नवी यंत्रे आली. ‘क्यूआर’ दाखवून यूपीआयने पैसे घेता येऊ लागले आणि सुट्या पैशांचे सनातन भांडण काहीसे निवळले. पण माझ्या दृष्टीने त्याच सुमाराची दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत, तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात एसटी प्रवास सुरू झाला. सवलतीची भरपाई शासनाकडून घ्यायची, तर तिची मोजदाद हवी. त्यामुळे पैसे न देणाऱ्या आजीलाही शून्य रुपयांचे तिकीट मिळते आणि यंत्रात बाई ‘बाई’ म्हणून नोंदली जाते.

पूर्ण भाड्याचे जुने तिकीट पुरुषाच्या हातात आणि बाईच्या हातात अगदी सारखेच होते. म्हणून सवलतीनंतर स्त्रियांचा प्रवास किती वाढला, हे विचारणाऱ्या उद्याच्या अभ्यासकापुढे मोठी अडचण उभी राहील. ‘नंतर’चा रकाना भरलेला, ‘आधी’चा रिकामा. माझी आजी बाजाराला, माहेराला, दवाखान्याला किती वेळा गेली, ते कोणत्याच वेबिलात स्वतंत्रपणे सापडणार नाही.

आता कोऱ्या तिकिटाकडे येऊ. यंत्रातल्या छपाईत शाई नसतेच. कागदावर रसायनांचा थर असतो, उष्णता लागली की तो काळा पडतो. उन्हाने, उष्णतेने, हाताच्या तेलाने आणि प्लॅस्टिकच्या पाकिटाने ती अक्षरे विरतात. ट्रेमधल्या तिकिटावर माहिती थोडी होती, पण ती प्रवाशाच्या हाती राहिली. नव्या यंत्राला माझ्या प्रवासाविषयी पुष्कळ माहिती आहे, परंतु ती महामंडळाच्या संगणकात असते. पंचांगात ठेवलेले तिकीट नातीला सापडावे, तशी ती कुणाला सापडणार नाही.

आजोबांचे तिकीट मी पुन्हा त्याच पंचांगात ठेवले आहे. माझ्या तिकिटांमागे आता गाडीतच पेन्सिलीने लिहिते : राहू ते चौफुला, तारीख, अर्धे.