शुश्रूषा-कामगार, घरगुती (हक्क व कामाच्या मर्यादा)

आजारी, अपंग किंवा वृद्ध माणसाची त्याच्या घरी जाऊन वा तेथेच राहून मोबदल्यावर देखभाल करणारी व्यक्ती. बोलण्यात ‘पेशंटची बाई’ किंवा ‘मावशी’, पुरुष असल्यास ‘मामा’ वा ‘ब्रदर’. आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, डायपर बदलणे, औषधांच्या वेळा सांभाळणे हे मुख्य काम. शहरात ते ब्युरोमार्फत मिळते आणि ‘बारा तासांची’ किंवा ‘चोवीस तासांची’ ड्युटी म्हणून ठरते. लहान गावात ओळखीतून, तोंडी ठरते.

केम (ता. करमाळा, जि. सोलापूर) हे कुर्डुवाडी–दौंड लोहमार्गावरील गाव कुंकवाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. अशा गावात कुंकवाच्या कारखान्यात जाणारी बाई आणि शेजारच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या आजींचे करणारी बाई, दोघीही मजुरीच करतात. कारखाना ही कामाची जागा आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. घराच्या बाबतीत मात्र ते कायद्यालाही फार उशिरा सुचले, आणि तेही अर्धवट. औद्योगिक संबंध संहिता, 2020 (अंमल 21 नोव्हेंबर 2025 पासून) हिच्या ‘उद्योग’ या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्टपणे वगळली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी 2011 मध्ये करार क्र. 189 स्वीकारला, भारताने तो अनुसमर्थित केलेला नाही.

महाराष्ट्रात या वर्गाची चळवळ 1980 साली पुण्यातील मोलकरणींच्या संपापासून ठळक झाली. पगारवाढीबरोबर रजेची मागणीही तेव्हापासूनची आहे. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, 2008 हा तिचा लांबलेला परिणाम म्हणता येईल. 18 ते 60 वर्षे वयाच्या कामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते. मात्र मंडळ मदत देते, मालकाशी भांडत नाही. पगार, तास किंवा सुट्टी ते ठरवून देत नाही. त्यामुळे नोंदणीचे कार्ड हाती असलेल्या बाईलाही रविवारची सुट्टी स्वतःच मागून घ्यावी लागते. केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवरही (2021) नोंद करता येते. तिचेही स्वरूप तेवढेच. सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 रोजी घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासण्याकरिता समिती नेमण्याचा निर्देश केंद्राला दिला.

घर हे कामाचे ठिकाण असल्याचे निःसंदिग्धपणे मान्य करणारा कायदा म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंध अधिनियम, 2013. रुग्णाच्या खोलीत एकटीने, रात्री, शरीराशी संबंधित काम करणाऱ्या बाईला याच कायद्याची गरज सर्वांत जास्त. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. प्रत्येक तालुक्यात समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद असल्याने केमच्या बाईने त्यासाठी सोलापूर गाठलेच पाहिजे असे नाही. करमाळ्याच्या अधिकाऱ्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. तक्रार करण्याची मुदत साधारणतः तीन महिन्यांची. योग्य कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. घरकामगाराच्या प्रकरणी प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास समितीने ते सात दिवसांत पोलिसांकडे द्यावे, असे कायदा सांगतो. छळ करणारा रुग्ण स्वतः असेल, विशेषतः स्मृतिभ्रंशाचा, तर घरचे ‘त्यांना कळत नाही’ म्हणून विषय मिटवतात. रुग्णाला कळत नसले तरी घरच्यांना कळते. दुसरे माणूस सोबत ठेवणे त्यांच्या हाती असते.

कामाच्या मर्यादेचा रोजचा वाद मात्र स्वयंपाकघरात सुरू होतो. रुग्णाची खिचडी करता करता सगळ्यांच्या पोळ्या, त्याचे कपडे धुता धुता घरभराचे कपडे. ‘बसूनच तर असतेस’ हे वाक्य या धंद्यातील प्रत्येकीने ऐकलेले असते. रुग्णापुरते काम आणि घरकाम यांचे पैसे वेगळे धरणे हाच यावर सरळ उपाय. दुसरी मर्यादा वैद्यकीय आहे. इंजेक्शन, सलाईन, लघवीची किंवा नाकातील नळी बदलणे ही प्रशिक्षित, नोंदणीकृत परिचारिकेची कामे आहेत. ‘तू रोज बघतेस, तुला येईल’ अशा आग्रहाला नकार देणे हा उद्धटपणा ठरत नाही. चूक झाली तर दोष तिच्यावरच येतो. जड रुग्णाला एकटीने उचलण्याबाबतही हेच. पाठ गेली की धंदा गेला.

चोवीस तासांच्या ड्युटीत झोपेचे सलग तास, झोपायची जागा, जेवण आणि आठवड्याची सुट्टी आधी बोलून घ्यावी. सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार तेही. ब्युरो कमिशन कापत असेल तर किती, आणि पगार ब्युरो देणार की घरचे, हे कागदावर असावे. आधार कार्डाची प्रत द्यावी, मूळ कार्ड ठेवू देऊ नये. उचल घेतल्यास फेडीचा हिशेब दोघांकडे हवा.

या कामाची मुदत रुग्णाच्या आयुष्याशी बांधलेली असते. रुग्ण गेला की त्याच दिवशी काम थांबते, आणि दुःखाच्या घरात पैशाचा विषय काढणे बाईला जड जाते. म्हणून झालेल्या दिवसांचा पगार व अचानक काम सुटल्यास किती दिवसांचे पैसे मिळणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून लिहून ठेवतात.